गुरुवारी श्वास मोजण्याचा सराव – सगळ्या आशाताईंसाठी

ताईंनो, येत्या गुरुवारी सकाळी 11 वाजता उपकेंद्रात सराव आहे. रोवणीचे दिवस आहेत, मजुरी बुडते हे माहीत आहे; तरी या. दुपारी 2 ला मोकळ्या व्हाल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्याच गडचिरोलीच्या गावांत दाखवून दिलं, की गावातलाच शिकलेला माणूस बाळाचा न्यूमोनिया ओळखू शकतो आणि त्यानं बालमृत्यू कमी होतात. ते संशोधन 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, बस.

मिनिटाला इतके किंवा जास्त श्वास म्हणजे धोका:
• 2 महिन्यांच्या आत: 60
• 2 महिने ते 1 वर्ष: 50
• 1 ते 5 वर्षे: 40

पूर्ण मिनिट मोजा. मागच्या पावसाळ्यात मी पंधराच सेकंद मोजून चौपट केली, आकडा चुकला. आईनं झबलं वर केलं तेव्हा छाती आत ओढलेली दिसली. छाती आत जाते, बाळ अंगावर पीत नाही, झटके येतात किंवा ते सुस्त पडलंय, तर मोजत बसू नका, 108 लावा.

सोबत सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणा. शक्य असेल तिनं घरचं लेकरूही आणावं. झोपलेल्या बाळावर सराव चांगला होतो. येणं जमत नसेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत मला फोन करा.

– गटप्रवर्तक