मनू, सहीची घाई करू नकोस

प्रिय मनू,

काल फोन तू ठेवलास की कट झाला ते कळलं नाही, मी परत लावला नाही, म्हटलं लिहावंच. भांडायला नाही लिहीत. म्युझिक कंपनीवाले तुझं गाणं घेतायत म्हणून बाबा इतके खूश आहेत की मामाला दोनदा सांगून झालं.

पण ते अ‍ॅग्रीमेंट मी परत वाचलं. चौथ्या पानावर आहे, "सर्व हक्क, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी", आणि खाली एकच आकडा. अगं, कायमस्वरूपी म्हणजे तू म्हातारी झालीस तरी गाणं त्यांचंच! इतक्यात सही करू नकोस. हा आकडा अ‍ॅडव्हान्स आहे की पूर्ण मोबदला ते आधी विचार. अ‍ॅडव्हान्स असेल तर तो तुझ्याच रॉयल्टीतून, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या तुझ्या वाट्यातून, वळता होणार, आणि पूर्ण मोबदला असेल तर त्यांच्या कागदाप्रमाणे पुढे काहीच नाही.

तू म्हणालीस, गाणी अ‍ॅपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून पैसे येतातच की. ते रेकॉर्डिंगचे गं. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, शब्द-चालीचा वेगळा, आणि शब्द तुझे आहेत, चालही बरीचशी तुझी, म्हणजे उद्या तेच गाणं दुसऱ्या कुणी गायलं तरी त्यात तुझा वाटा हवा. रेडिओवर, कार्यक्रमात वाजलं की ते पैसे गीतकार-संगीतकारांची सोसायटी गोळा करते, पण तू मेंबर असशील आणि गाणं नोंदवलेलं असेल तरच तुझ्यापर्यंत पोचतात. ओळखीचे नंबरही दोन, आयएसआरसी रेकॉर्डिंगचा, आयएसडब्ल्यूसी गाण्याचा, म्हणजे शब्द-चालीचा. पहिला तुझ्याकडे आहे. दुसऱ्याचं विचारलं तर तू विषय बदललास.

बाबांनी काल वाचून दाखवलं, १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाच्या गीतकाराने बिल द्यायला नकार दिला, कारण तिथे त्याचंच गाणं फुकट वाजत होतं. कोर्टात तो जिंकला आणि त्यातूनच १८५१ मध्ये सासेम ही सोसायटी उभी राहिली. तू तर नुसता प्रश्न विचारायला घाबरतेस.

लेक्चर झालं, सॉरी. आबांच्या गाण्यांचं काय झालं ते तू बघितलंयस, म्हणून जीव घाबरतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री पांघरुणात गुणगुणत होतीस, आठवतं? मी ओरडायला आले आणि ऐकतच राहिले, मग फोनवर रेकॉर्ड केलं. फाइल तारखेसकट आहे अजून. मुखड्याची चाल तीच, फक्त शेवटची ओळ तू नंतर वरच्या सुरात नेलीस, आणि काय सुंदर नेलीस गं! पाठवतेय, जपून ठेव, वह्याही टाकू नकोस. बर्न करार म्हणून कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातल्या देशांत गाणं तयार झालं की हक्क मिळतो, रजिस्ट्रेशन लागत नाही, पण वाद झाला की दाखवायला काहीतरी हवं.

आणि तुझ्या कीबोर्डवाल्या मित्राशी बोललीस का? अंतरा दोघांनी बसवलाय ना, मग कुणाचे किती टक्के ते आत्ताच लिहून दोघांनी सह्या करा, बेरीज १०० यायला हवी. मैत्री आहे तोवरच लिहून होतं हे.

थांबलो तर ते दुसऱ्याचं गाणं घेतील म्हणतेस. घेतीलही, पण ज्यांना तुझंच हवंय ते चार दिवस थांबतील. विकू नकोस, ठराविक वर्षांचं लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी, दे आणि रॉयल्टीचा हिस्सा लिहून घे. वकिलाची फी मी देते, त्यावर वाद नको. दाखवल्याशिवाय सही नको, बास. खोकला गेला का ते कळव.

तुझी,
आई