न चाललेल्या वाटेला ‘पडताळलेली’ची हिरवी खूण : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गावाबाहेरच्या पायवाटेची चुकीची माहिती, दिशाभूल करणारी खूण आणि वर्गणीचा परतावा

महोदय/महोदया,

आपल्या पायवाटांच्या ॲपची वर्षभराची वर्गणी मी भरली आहे. नावाजलेल्या डोंगरवाटांची माहिती हवी तिथे मिळते. लहान गावातून निघून तास-दोन तासांत पायी परत येता येईल अशा वाटा मात्र सहसा कुणी नीट नोंदवत नाही. त्या आपण नोंदवल्या आहेत असं आपली जाहिरात सांगते आणि अशा वाटेपुढे हिरवी खूण करून ‘पडताळलेली’ असं लिहिते. माझी तक्रार त्या खुणेबद्दल आहे.

गावातल्या गावात फिरण्याचा आपला फेरा चांगला आहे, हे आधी सांगते. जुन्या वस्तीतले बोळ, कालव्याची कड, कुठे पायऱ्या लागतील, कुठे उन्हात चालावं लागेल, सगळं जागच्या जागी होतं. तो कुणीतरी स्वतः चालून लिहिला आहे हे लगेच कळतं. त्याच भरवशावर आम्ही गावाबाहेरची, टेकडीला वळसा घालून येणारी वाट निवडली. सोबत सासरे होते. वाटेच्या माहितीत लिहिलं होतं : अंतर ८ किलोमीटर, एकूण चढ ३०० मीटर, वेळ १ तास ३६ मिनिटं, सोपी, सर्व वयांसाठी.

आधी वेळेचं बोलते. पायी चालण्याच्या वेळेचा, स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा ठोकताळा १८९२ पासून वापरात आहे : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. ८ किलोमीटरला १ तास ३६ मिनिटं होतात, ३०० मीटर चढाची आणखी ३० मिनिटं. आपण पहिलाच आकडा छापला आहे. चढ स्वतःच लिहायचा आणि वेळ मात्र सपाटीची द्यायची, हे कसं? शिवाय तो ठोकताळा धडधाकट माणसासाठी आहे आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. ‘सर्व वयांसाठी’ म्हणताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

वेळ चुकला तर माणूस उशिरा पोचतो, एवढंच. वाटच नसेल तर काय करायचं? टेकडीच्या पायथ्याशी गाडीवाट संपली आणि ॲपवरची तुटक रेषा मात्र तशीच पुढे गेली. समोर काटेरी झुडपं होती आणि दर वीस-पंचवीस पावलांवर वाटेला फाटे फुटत होते. सगळे सारखेच मळलेले, सारखेच रुंद. एक फाटा झुडपाला वळसा घालून पुन्हा पहिल्याला मिळायचा, दुसरा उगाच वर चढून थांबायचा. खाली वाकून पाहिलं तर मातीत फक्त खुरांचे ठसे, चपला-बुटांचा एकही नाही. शेवटी सगळे फाटे एका डबक्यापाशी येऊन संपले. ती गुरांची पाण्यावर जायची वाट होती. उपग्रहाच्या छायाचित्रात ती पायवाटेसारखीच दिसत असणार, आणि त्यावरूनच कुणीतरी टेबलाशी बसून रेषा ओढली असणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे ओढा. आपली रेषा जिथून तो ओलांडते तिथे काठ उभा कातरलेला आहे. उतार मिळाला तो चांगला शंभरएक मीटर वरच्या अंगाला, तोही एका गुराख्याने दाखवला म्हणून. पलीकडे गेलो तर तारेचं कुंपण आणि ‘खासगी जागा’ अशी पाटी. पाटी गंजलेली होती, म्हणजे कालपरवा लावलेली नव्हे. तिथून डांबरी रस्त्याने परतलो. सासऱ्यांचा गुडघा त्यानंतर बरेच दिवस धरला होता.

आपल्या मदत कक्षाने उत्तर पाठवलं की फोनचं जीपीएस तपासा. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते. झाडी दाट असेल किंवा शेजारी कडा असेल तर ती वाढते, मान्य. आम्ही उघड्या माळावर होतो. शंभर मीटरची तफावत फोनच्या माथी मारता येणार नाही, आणि जीपीएस कितीही बिघडलं तरी ते तारेचं कुंपण घालत नाही.

आपल्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेख आहे. त्याला माझी हरकत नाही. २००४ पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला तो नकाशा मीही वापरते. पण तिथे रेषा गाडीवाटेची की पायवाटेची, हे वेगळं नोंदवतात. वाट जमिनीवर कितपत स्पष्ट दिसते, हेही नोंदवायची सोय आहे. रेषेत शेवटचा बदल कधी झाला, हे कुणालाही पाहता येतं. आपण हे सगळं गाळून गाडीवाट, पायवाट, गुरांची वाट एकाच तपकिरी तुटक रेषेत रंगवली आणि वर हिरवी खूण केली. ज्या माहितीचे पैसे घेता तीच फुकटच्या नकाशापेक्षा कमी आहे.

ॲपमधून चूक कळवली, तर ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असं आपोआप उत्तर आलं आणि तक्रार ‘निकाली’ झाली. वाट अजून तशीच आहे, खुणेसकट.

ही वाट ताबडतोब काढावी. ज्या वाटेवर आपला माणूस प्रत्यक्ष चाललेला नाही, तिच्यावरची हिरवी खूण उतरवावी. जिथे चालला आहे तिथे तो महिना आणि वर्ष लिहावं, कारण उन्हाळ्यात कोरडा असलेला ओढा पावसाळ्यात पार करता येईलच असं नाही. वेळेच्या हिशेबात चढ धरावा. आणि माझी वर्गणी पूर्ण परत करावी. पुढच्या वर्षीच्या सवलतीचं कूपन मला नको.

मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार, त्या ठिकाणांची छायाचित्रं आणि आमच्या चालण्याची जीपीएस नोंद सोबत जोडली आहे. उत्तर माणसाने लिहिलेलं असावं, ही विनंती.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक