चार संघांच्या चषकाला ज्ञानकोशात जागा हवीच

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडमधल्या शेफिल्डला १८६८ साली झालेल्या फुटबॉलच्या ‘क्रॉमवेल कप’ची मराठी ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद कशाला, असा सवाल आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका क्रीडाप्रेमींनी केला आहे. चार संघ, एकच हंगाम, मग स्पर्धा बंद. असल्या नोंदींनी नुसती खोगीरभरती होते, हे त्यांचे म्हणणे. ठाण्यात आम्ही काही निवृत्त मंडळी हौसेने खेळांच्या नोंदी लिहितो, त्यामुळे हा वाद आमच्याकडे नित्याचाच. खोगीरभरतीवरचा त्यांचा राग मला पटतो. उदाहरण मात्र त्यांनी चुकीचे उचलले.

हा चषक दिला ऑलिव्हर क्रॉमवेल नावाच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने (राजाचे शिर उडवणारा तो वेगळा, दोनशे वर्षे आधीचा). त्याच शहरात १८६७ मध्ये यूडन कप झाला होता. बारा संघांची ती स्पर्धा फुटबॉलमधली जगातली पहिली मानली जाते आणि तिचा देणगीदारही नाट्यव्यवसायातलाच. क्रॉमवेलने आपल्या चषकासाठी अट घातली की संघ दोन वर्षांहून जुना नसावा. त्यामुळे ‘द वेन्सडे’ हा जेमतेम काही महिन्यांचा क्लब मैदानात उतरू शकला. क्रिकेटच्या गड्यांनी हिवाळ्यातही एकत्र राहावे म्हणून काढलेला हा क्लब आज शेफिल्ड वेन्सडे म्हणून ओळखला जातो. १५ फेब्रुवारी १८६८ रोजी ब्रॅमॉल लेनवर त्यांची गॅरिक क्लबशी अंतिम लढत झाली आणि ठरलेल्या वेळेत गोलच झाला नाही. तेव्हा पुढचा गोल करेल तो विजेता, असे ठरले आणि वेन्सडेने तो केला. १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या लोराँ ब्लाँने पराग्वेला ज्या ‘गोल्डन गोल’ने घरी पाठवले, त्या नियमाचे हे १३० वर्षांपूर्वीचे रूप. चषक आजही क्लबकडे आहे.

म्हणजे स्पर्धा आकाराने चिमुकली असली तरी एका जुन्या क्लबचा पहिला चषक आणि एका नियमाचा आरंभीचा दाखला अशा दोन गोष्टी तिथे जुळतात. ‘जगातली दुसरी स्पर्धा’ हे बिरुद मी मुद्दाम मोजत नाही. दुसरी, तिसरी असे म्हणत गेलो तर यादी संपायचीच नाही.

उल्लेखनीयता ठरवताना आमची विचारणा साधी असते: स्पर्धेशी देणेघेणे नसलेल्या कोणी तिच्याबद्दल सविस्तर लिहिले आहे का? क्लबची स्वतःची स्मरणिका इथे चालत नाही. तीच बातमी पाच ठिकाणी उतरवलेली असेल, तर तो एकच पुरावा. नुसता निकाल सापडला, तर दोन ओळी शहराच्या किंवा क्लबच्या नोंदीत घालाव्यात, वेगळे पान नको. छापील खंडांच्या काळात प्रश्न कागदाचा होता. आता कागद लागत नाही, पण प्रत्येक नोंद पुढे कोणाला तरी तपासत राहावी लागते आणि ती माणसे फार थोडी आहेत.

प्रसिद्धीच्या मापाने मोजले तर आपलेच नुकसान होते. मोहन बागानने १९११ मध्ये आयएफए शील्ड जिंकली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याआधी १८९२ मध्ये शोभाबाजार या भारतीय क्लबने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले, ते कोलकात्याच्या ट्रेड्स कपमध्ये. आज त्या स्पर्धेचे नाव किती जण घेतात? मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कूपरेजवर आमच्या पिढीने पाहिलेला. तोही बंद पडला आणि विस्मरणात चालला आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पेनने कोलंबियाला हरवून सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जिंकला. त्याची नोंद जगभर झाली, तिथे आमची गरज नाही.

आता अवघड भाग. आपल्या गावच्या मैदानावरच्या जुन्या स्पर्धेची नोंद करा, अशी विनंती घेऊन ओळखीचे लोक येतात. सोबत चषकाचे फोटो, फ्लेक्स, नगरसेवकांच्या हस्ते बक्षीस समारंभ, सगळे असते. आम्ही नाही म्हणतो. माणसे दुखावतात, कधी कधी बोलणेही सोडतात. स्पर्धा खोटी आहे असे कोणी म्हणत नाही, बाहेरच्या कोणी तिच्याबद्दल लिहिलेले नसते एवढेच. शेफिल्डच्या चार संघांचे नशीब असे की तिथल्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच सामन्यांची वर्णने छापली.

म्हणून उलट आपल्यालाच एक विनंती. ठाणे-नवी मुंबई पुरवणीत स्थानिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याची बातमी येते, तेव्हा निम्मी जागा उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे खातात. कधी कधी तर उपविजेत्याचे नावही सापडत नाही. पाहुण्यांची दोन नावे गाळा, पण मैदान, तारीख, दोन्ही संघ, गोल करणारे आणि स्पर्धेचे कितवे वर्ष एवढे न चुकता छापा.

आपला वाचक,
नौपाडा, ठाणे