काका, बरं झालं त्या रात्री ओरडलात

काका, फोनवर थँक्यू म्हणलं तर तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून ठेवून दिलात, म्हणून आता इथेच सगळ्यांसमोर लिहिते.

भोसरीतला आमचा कॉम्प्रेसर, त्याची 16 पोलची सिंक्रोनस मोटर, म्हणजे सप्लायशी जुळलेल्या एकाच ठराविक स्पीडला पळणारी, 375 आरपीएम. स्टार्ट दिला की झकास उचलायची, स्पीडजवळ यायची आणि फील्ड (रोटरच्या वाइंडिंगला द्यायचा डीसी करंट) लागायच्या आधीच पॅनल 'इनकम्प्लीट सिक्वेन्स', म्हणजे स्टार्टचे टप्पे पूर्ण झाले नाहीत, असं दाखवून ट्रिप. दोनदा तेच. मी म्हणलं पॅनलच गंडलाय, स्लिपरिंगच्या, म्हणजे फिरत्या रोटरला करंट पोचवणाऱ्या, वायरी सोडवू आणि नुसती मोटर फिरवून बघू, पाना हातात घेतलाही होता. तेवढ्यात तुम्ही निगडीहून स्कूटरवर, गळक्या रेनकोटसकट आत आलात आणि दारातूनच, "अगं ए, फील्ड उघडं ठेवून स्टार्ट देतीयेस?"

सुरुवातीला ही मोटर डॅम्पर वाइंडिंगवर (रोटरवरच्या बारांवर) इंडक्शन मोटरसारखी पळते, तेव्हा फील्ड वाइंडिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरची सेकंडरीच, टोकं उघडी सोडली तर हजारो व्होल्ट उठून इन्सुलेशन फाटतं, म्हणून तर तोवर ती टोकं जोडून ठेवायला डिस्चार्ज रेझिस्टर मधे असतो. कॉलेजात शिकले होते हो हे, पण पेपरात लिहिण्यापुरतं.

तिसरा स्टार्टही लगेच मारू दिला नाहीत. डॅम्परचे बार तापलेत म्हणालात, आणि मॅनेजरसाहेब घड्याळ दाखवत असताना निवांत दोन चहा प्यायलात. मग पिशवीतून ते जुनं मधे-शून्यवालं काट्याचं मीटर काढून फील्डच्या शंटला (करंट मोजायच्या पट्टीला) जोडलंत. स्टार्ट दिला तर काटा आधी नुसता थरथरत होता, मग जसा स्पीड वाढला तसा डावी-उजवी झोके घ्यायला लागला, हळू, अजून हळू. "95 टक्के स्पीड म्हणजे 5 टक्के स्लिप, स्पीडची तूट गं, 50 हर्ट्झच्या 5 टक्के म्हणजे सेकंदाला अडीच झोके, मोज." तेवढे आले आणि ट्रिप. तुम्ही हसलात. करंट फिरतोय म्हणजे फील्ड ठीक, रेझिस्टर ठीक, हे झोके बघून फील्ड लावणाऱ्या रिलेला ते कळतच नाहीयेत!

सप्लाय लॉक करून रेझिस्टरकडून रिलेकडे जाणाऱ्या वायरी दोन बोटांनी ओढत गेलात, आणि एक लगमधून (वायरच्या टोकाच्या धातूच्या पकडीतून) अलगद हातात आली. इन्सुलेशन शाबूत, आतली तार तुटलेली. एवढ्याशा लगसाठी मी अख्खा पॅनल बदलायचं कोटेशन मागवणार होते!

मग परत तासभर थांबलो. पुढच्या स्टार्टला काटा झोके घेता घेता एका बाजूला गेला आणि तिथेच बसला, मोटर सिंक्रोनिझममध्ये, म्हणजे बरोबर 375 वर, खेचली गेली, मी तर टाळ्याच वाजवल्या. जाता जाता फील्ड करंट थोडा वाढवून पॉवर फॅक्टर लीडिंगला नेऊन, म्हणजे बाकीच्या मशिनांचा लॅगिंग भरून काढून, दाखवलात ते वेगळंच, 1 एप्रिल 2020 पासून एचटी (हाय टेन्शन) बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की वाढणारं, आहे तेव्हा आमच्या अकाउंट्सवाल्यांनीही खरं तर तुम्हाला पत्र लिहायला पाहिजे.

पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचेसुद्धा. आणि मीटर इथेच विसरलात. रविवारी निगडीला आणून देते, काकूंना सांगून ठेवा, जेवायलाच येतीये.