गायरानात झाड लावताना त्याचं सावट पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आणि आमच्या गायरानात यंदा पुन्हा खड्डे पडले. रोपं उंदीरमारीची, म्हणजे गिरिपुष्पाची आहेत. मी मेंढरांमागे वाढलो, पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. झाडांना माझा विरोध नाही, पण माळावर कुठलं झाड येतंय याची मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

बांधावरच्या झाडाचं सावट पडलं की तेवढ्या ओळींत ज्वारीचं कणीस भरत नाही, हे कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मग गवताच्या बाबतीत आपण ते का विसरतो? पवन्या, मारवेल, कुसळी ही माळावरची गवतं ज्वारी आणि उसाच्याच गणगोतातली. कडक ऊन आणि कमी पाणी यांत भरभरून वाढण्याची त्यांची रीत आहे. त्या रीतीला जास्तीची ऊर्जा लागते. उघड्यावर ती सहज भरून निघते, दाट सावलीत निघत नाही. शिवाय वरची पानं उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतात, खाली बदललेला प्रकाश उतरतो. गवताला तो बदल कळतो. ते उंच होऊ पाहतं, काडी लेचीपेची होते आणि फुटवे कमी येतात. फुटवे गेले की चारा गेला.

सहा-सात वर्षांपूर्वी गायरानाच्या पश्चिम अंगाला अशीच उंदीरमारी दाटीनं लावली गेली. रोपं जगली, सावली झाली. आता त्याखाली मारवेल शोधावा लागतो. आघाडा आहे, गाजर गवत आहे, पालापाचोळा आहे. मेंढरं तिकडे फिरकत नाहीत. कुणी म्हणेल, उंदीरमारीची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला गळतातच की. गळतात, पण आमचं गवत वाढतं आषाढ ते आश्विन, आणि नेमकं तेव्हाच हे छत्र सर्वांत दाट असतं. आमच्या भागात पाऊसही बेताचा. भुरभुर आली तर बरंचसं पाणी पानांवर अडतं आणि तिथूनच उडून जातं, मातीपर्यंत पोचत नाही. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी हेच झाड उत्तम आहे, ते तिथे जरूर लावावं.

बाभळीखाली मात्र वेगळंच दिसतं. तिची पानं बारीक, ऊन चाळणीतून आल्यासारखं खाली उतरतं. मुळांवरच्या गाठींमुळे मातीला नत्र मिळतं, दुपारी जनावरं टेकतात त्यांचं शेणमूत पडतं, जमीन कमी तापते. झाडं लांब लांब असतील तर बाभळीखालचं गवत पाऊस सरल्यावरही काही दिवस हिरवं राहतं. हिवराचंही तसंच. राजस्थानात खेजडी, म्हणजे आपली शमी, शेतात मुद्दाम राखतात आणि तिच्या आसऱ्यानं बाजरी घेतात. हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटतात. खालच्या रब्बी पिकाला उजेड मिळतो, पाला शेळ्यांना होतो. झाड आणि गवत यांचं असं जमवून घ्यायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या शिकली आहेत.

सगळ्याच वनस्पतींना ऊन हवं असतं असंही नाही. मुरबाडकडच्या रानात पहिल्या पावसाबरोबर शेवळं ही रानभाजी येते, ती झाडांच्या आसऱ्यालाच. तिथं झाड तोडलं तर नुकसान. माळाचा न्याय वेगळा. माळ म्हणजे झाडं नसलेलं, उजाड झालेलं जंगल नव्हे. पण कागदोपत्री तो ‘पडीक’ ठरतो आणि पडीक म्हटलं की खड्डे खणले जातात. मग धाविक आणि चंडोल या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांनी जायचं कुठं? आणि पावसाळ्याच्या तोंडावर कळप घेऊन परतणाऱ्या धनगरांनी?

माझी मागणी साधी आहे. कुठल्याही गायरानासाठी झाडांची यादी ठरवण्याआधी भाद्रपद-आश्विनात तिथं जावं, असलेल्या प्रत्येक जातीच्या झाडाखाली वाकून काय उगवलंय ते पाहावं आणि ग्रामसभेपुढे मांडावं. सोबत मेंढपाळ घ्यावेत, गवतांची नावं त्यांना पाठ असतात. जिथं झाड हवंच असेल तिथं बाभूळ, हिवर, बोर, तीही विरळ.

आमच्या गायरानाच्या पूर्वेकडच्या उतारावर अजून खड्डे घेतलेले नाहीत. तिथला पवन्या चांगल्या सालात आश्विनात कमरेला लागतो. तेवढा उतार तरी मोकळा ठेवावा, अशी संबंधितांना आपल्या दैनिकातून हात जोडून विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
करमाळा तालुका, जि. सोलापूर