‘डेट्स बॅक टू’ कुठे लिहावे?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परदेशी पाहुण्यांसाठी तू लिहिलेली इंग्रजी माहिती मन लावून वाचली. मजकूर नेटका आहे. मात्र शनिवारवाडा, कार्ले आणि पंढरीची वारी या तिन्हींसाठी तू ‘डेट्स बॅक टू’ हेच शब्द योजले आहेस, ते मला पटले नाही.

‘डेट्स फ्रॉम’ आणि ‘डेट्स बॅक टू’ यांच्या अर्थात फारसे अंतर नाही. पहिल्यात काळाची साधी नोंद असते, तर दुसऱ्यात वाचकाला दूरवर मागे नेण्याचा सूर असतो. दोन्ही वर्तमानकाळात लिहिले, की ती वस्तू आजही आहे असे वाचक धरून चालतो, आणि वाड्याची अडचण नेमकी इथेच आहे. १७३० साली पाया घातलेला वाडा १७३२ मध्ये पूर्ण झाला, पण आतले महाल १८२८ च्या आगीत जळाले. आज दिसते ती तटबंदी तर नंतर नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरी झाली. तेव्हा वाड्यासाठी ‘वॉज कम्प्लीटेड इन १७३२’ असा सरळ भूतकाळच हवा, नाहीतर पाहुणा समोरचा तटच १७३२ चा समजेल.

कार्ल्याच्या चैत्यगृहात देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, इसवी सन मात्र कुठेच नाही. अभ्यासकांनी लिपी आणि शैली पाहून काळ ठरवला आहे, म्हणून तिथे ‘इज डेटेड टू’ प्रामाणिक ठरेल. त्यातला ‘टू’ गाळू नकोस. ‘इज डेटेड’ म्हणजे तारीख त्या वस्तूवरच लिहिलेली आहे असा अर्थ होईल.

तू एके ठिकाणी लिहिलेले ‘डेट्स फ्रॉम थ्री हंड्रेड इयर्स’ हे तर आपल्या ‘तीनशे वर्षांपासून’ची छाया घेऊन आलेले आहे. ‘फ्रॉम’पुढे साल किंवा शतक हवे. वर्षांची संख्याच सांगायची असेल, तर ‘डेट्स बॅक थ्री हंड्रेड इयर्स’ म्हणावे.

वारीचा परिच्छेद मला सर्वांत मोलाचा वाटतो. वारीची प्रथा ज्ञानेश्वरांच्याही आधीची, म्हणून तिला ‘गोज बॅक टू’ शोभते; पण तुकोबांचा पालखी सोहळा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला, त्यामुळे सोहळ्यासाठी ‘डेट्स फ्रॉम १६८५’ आणि प्रवर्तकासाठी ‘ओरिजिनेटेड विथ’ लिही. प्रथा आणि सोहळा एकाच वाक्यात कोंबू नकोस.

सुधारलेला मजकूर छपाईला देण्याआधी एकवार माझ्याकडे पाठव.

तुझा,
अविनाश