उबुंटू पिपला का अडवते?

संपादक महोदय,

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उबुंटू 24.04 ही लिनक्स प्रणाली आल्यापासून पिपने (पायथन भाषेची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, बसवणारं साधन) ‘पिप इन्स्टॉल’ केलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. त्यावर ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा अडथळा डावलणारा पर्याय जोडायला विद्यार्थ्यांना सर्रास सांगितलं जातं. हे थांबायला हवं.

मूळ पायथन बाहेरची पॅकेजेस ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डरमध्ये ठेवतो. डेबियन या लिनक्स प्रणालीने, आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूने, हा संकेत जाणूनबुजून मोडला. त्यांचा फोल्डर ‘डिस्ट-पॅकेजेस’. कुणी स्वतः कंपाइल केलेला पायथन ‘यूएसआर-लोकल’ या, स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये टाकला, तर त्याची आणि सिस्टीमची पॅकेजेस एकमेकांत मिसळू नयेत, एवढाच हेतू. तरी एक फट राहिलीच. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलेलं पिप ‘यूएसआर-लोकल’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये लिहितं आणि सिस्टीमचा पायथन एपीटीच्या (सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेज-व्यवस्थापकाच्या) फोल्डरआधी तिथं शोधतो. मग ‘अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी’सारख्या सिस्टीमच्याच प्रोग्रॅमला भलत्या आवृत्तीची लायब्ररी मिळू शकते आणि तो कोसळतो.

ही फट डेबियनला एकट्याने बुजवता आली असती, पण पिपच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर तोच पॅच (कोडमधली दुरुस्ती) पुन्हा चढवावा लागला असता. म्हणून इथे त्यांनी उलट वाट धरली: पायथनच्या पॅकेजिंगवाल्यांसोबत मिळून नियमच लिहिला. 2021 मध्ये पेप 668 चा मसुदा आला (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा औपचारिक प्रस्ताव). डिस्ट्रोने (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीने) खुणेची एक फाइल ठेवायची, ती दिसली की पिपने थांबायचं. पिप 23.0 ने हे अमलात आणलं, जून 2023 मध्ये डेबियन 12 ने. फाइल ठेवायची की नाही, हे मात्र डिस्ट्रोवरच सोडलं आहे, आणि ते योग्यच आहे. सिस्टीम मोडली तर निस्तरायचं त्यांनाच असतं.

प्रयोगशाळांनी प्रत्येक संगणकावर एपीटीने ‘पायथन3-व्हेन्व’ एकदाच बसवावं; व्हेन्व, म्हणजे सिस्टीमपासून वेगळं पायथन वातावरण, बनवायला ते लागतं. डेबियन-उबुंटूत हा भाग वेगळा काढलेला आहे. तो नसेल तर व्हेन्व बनताना मध्येच अडतं. विद्यार्थ्याने आपल्या होम फोल्डरमध्ये व्हेन्व बनवून, ते अ‍ॅक्टिव्हेट करून त्यातच पिप चालवावं. व्हेन्व पेनड्राइव्हवरून घरी नेऊ नये: आतल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो, जागा बदलली की ती चालत नाही. न्यायची ती फक्त रिक्वायरमेंट्स फाइल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी. घरी त्यावरून नवं व्हेन्व करावं. एपीटीने बसवलेलं नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) वापरायचं असेल, तर व्हेन्व बनवतानाच ‘सिस्टम साइट पॅकेजेस’ हा पर्याय द्यावा.

काही जण खुणेची फाइलच उडवून टाकतात. पायथनचं पुढचं अपडेट आलं की ती परत येते.

— एक लिनक्स व्यवस्थापक, कोथरूड, पुणे